एडिसनची वायर

थॉमस अल्वा एडिसन म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? बल्ब! पाचवीच्या जनरल नॉलेजपासून कॅम्पसच्या ग्रुप डिस्कशनपर्यंत ही जोडी काही सुटत नाही. माझ्या कॉन्व्हेंटच्या कॉरिडॉरमध्येही त्याचा फोटो होता, आणि त्यात त्याच्या हातात अर्थातच बल्ब होता. प्रयत्नांती परमेश्वर हे पटवून द्यायचं असलं की प्रत्येक गॅदरिंगचे प्रमुख पाहुणे एडिसनलाच मदतीला बोलावतात.

पण इलेक्ट्रिकलला आल्यावर, आणि सुट्टीत उमरीला आमच्या घरी एक प्रकार घडल्यावर (तो पुढे सांगतेच), मी या माणसाचं चरित्र जरा नीट वाचलं. तेव्हा कळलं की बल्ब हा त्याच्या कामाचा एक तुकडा होता. त्याहून जास्त घाम त्याने गाळला तो बल्बपर्यंत करंट नेणाऱ्या वायरीवर, आणि त्यातही घराबाहेरच्या वायरीवर, जिला पाऊस लागतो, माती लागते आणि कुणाचंही लक्ष नसतं. वायर हातात धरून कुणी फोटो काढत नाही, म्हणून ही गोष्ट मागे राहिली. ती या पानांवर सांगावी म्हणते.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मिलान या छोट्या गावी झाला. तो सात वर्षांचा असताना कुटुंब मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरनला आलं. शाळा त्याला जेमतेम काही महिने लाभली. मास्तरांना हा मुलगा मठ्ठ वाटला. आई नॅन्सी पूर्वी शिक्षिका होती, तिने त्याला घरीच शिकवलं. लहानपणापासून त्याला कमी ऐकू यायचं, पुढे तर फारच कमी. बाराव्या वर्षी, १८५९ साली, तो पोर्ट ह्युरन ते डेट्रॉइट या रेल्वेत पेपर आणि खाऊ विकू लागला. आपल्या पॅसेंजरमध्ये शेंगदाणे-फुटाणे विकणारी पोरं असतात ना, अगदी तसाच. पण या पोराने सामानाच्या डब्यात रसायनांची लॅब मांडली, आणि तिथेच छपाईचं यंत्र ठेवून स्वतःचा साप्ताहिक पेपरही काढला. एके दिवशी डब्यात फॉस्फरस पडून आग लागली आणि लॅबसकट साहेबांना खाली उतरवण्यात आलं!

१८६२ साली माउंट क्लेमेन्स स्टेशनवर रुळात खेळणाऱ्या एका लहान मुलाला त्याने येणाऱ्या डब्यापासून ओढून वाचवलं. मूल स्टेशनमास्तरांचं निघालं. उपकार फेडायचे म्हणून मास्तरांनी त्याला तारयंत्र शिकवलं. त्याच्या आयुष्यातली पहिली वायर ही अशी आली, रेल्वेच्या खांबांवरून जाणारी तारेची वायर.

आम्हा उमरीकरांना हे चित्र परकं वाटत नाही. मनमाड–सिकंदराबाद ही आमच्या गावावरून जाणारी लाइन निजामाच्या राज्यात, विसावं शतक उजाडता उजाडता झाली. गावात विजेचा दिवा यायच्या कितीतरी आधी रुळाच्या कडेने तारेचे खांब होते. म्हणजे अमेरिका असो की मराठवाडा, वीज आधी आली ती निरोप घेऊन. उजेड मागाहून आला.

तारमास्तर म्हणून एडिसनने गावोगाव नोकऱ्या केल्या. कॅनडात स्ट्रॅटफर्ड जंक्शनला रात्रपाळी असताना, आपण जागे आहोत हे कळवायला दर तासाला तारेवर एक खूण पाठवावी लागे. दिवसा प्रयोग करून रात्री झोप तर येणारच. मग त्याने घड्याळाला एक चाक जोडलं आणि खूण आपोआप जाईल अशी सोय केली. (प्रॉक्सी हजेरीचा शोध आपल्या हॉस्टेलवर लागला असं ज्यांना वाटतं, त्यांनी नोंद घ्यावी.) पुढे चोरी पकडली गेली हे सांगायला नकोच.

१८६८ साली तो बोस्टनला आला. तिथे मायकेल फॅरडेचे ग्रंथ त्याच्या हाती लागले आणि त्याने झोप विसरून ते वाचून काढले. १ जून १८६९ ला त्याला पहिलं पेटंट मिळालं, विधिमंडळात मतं झटपट मोजणाऱ्या यंत्राचं. यंत्र उत्तम होतं, पण पुढाऱ्यांना मतमोजणी झटपट नकोच होती! त्याच वर्षी जवळजवळ रिकाम्या खिशाने तो न्यूयॉर्कला उतरला. सोन्याचे भाव तारेने कळवणाऱ्या एका कंपनीच्या बॅटरीच्या खोलीत झोपत होता. एक दिवस तिथलं मुख्य यंत्र बंद पडलं, दलालांची झुंबड उडाली, सगळे गोंधळले. एडिसनने पाहिलं तर एक स्प्रिंग तुटून दातांत अडकली होती. तेवढ्यावर त्याला महिना ३०० डॉलरची नोकरी मिळाली. पुढे शेअरबाजाराच्या तारयंत्रांनी त्याला पैसा दिला, १८७६ साली न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्क या खेड्यात त्याने स्वतःची प्रयोगशाळा उभी केली, आणि १८७७ साली फोनोग्राफ करून जगाला थक्क केलं. कमी ऐकू येणाऱ्या माणसाने आवाज साठवून दाखवला, हा योगायोगही विलक्षणच.

आता दिव्याकडे येऊ. १८७८ साली विजेचा दिवा नवीन नव्हता. आर्क लॅम्प होते, पण ते इतके प्रखर की रस्त्याला किंवा कारखान्यालाच चालत. ते सिरीजमध्ये जोडलेले असत. घरासाठी छोटा, एकेकटा चालू-बंद करता येणारा दिवा हवा होता, म्हणजे पॅरलल जोडणी आली. तारेचा धागा तापवून दिवा करायचे प्रयत्न इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान आणि इतरही अनेकजण करत होते. त्यांचे धागे बहुतेक कमी रेझिस्टन्सचे होते.

इथे एडिसनचं वेगळेपण दिसतं. त्याने आधी हिशेब मांडला तो तांब्याचा. त्याचा गणिती सहकारी फ्रान्सिस अप्टन याने आकडे काढले. फर्स्ट इयरला आपण जे शिकतो तेच. दिव्याचा रेझिस्टन्स कमी, तर करंट जास्त. करंट जास्त, तर वायरीतला आय-स्क्वेअर-आर लॉस जास्त, आणि तो आवरायचा तर वायर जाड. शहरभर अशी जाड वायर टाकायची म्हणजे तांब्यातच दिवाळं निघणार. म्हणून दिव्याचा रेझिस्टन्स शंभर ओहमच्या पुढे पाहिजे आणि व्होल्टेज शंभरच्या वर पाहिजे, हे आधी ठरलं. मग तसा धागा शोधायला सुरुवात झाली. म्हणजे बल्ब कसा असावा हे वायरीने ठरवलं! मला तरी हे कुठल्याच गॅदरिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबर १८७९ मध्ये कोळसा केलेल्या साध्या सुती दोऱ्याचा दिवा निर्वात काचेत तेरा-चौदा तास टिकला. पुढे पुठ्ठ्याचा, मग जपानी बांबूचा धागा आला आणि तास हजारावर गेले. २७ जानेवारी १८८० ला दिव्याचं पेटंट मिळालं. पण त्याआधीच, ३१ डिसेंबर १८७९ च्या रात्री, त्याने मेन्लो पार्क लोकांना खुलं केलं. खास गाड्या भरभरून माणसं आली. प्रयोगशाळेत, रस्त्याकडेला खांबांवर आणि आजूबाजूच्या घरांत दिवे लागले होते. त्या घरांपैकी एक होती सारा जॉर्डन बाईंची खानावळ, जिथे एडिसनचे पोरगेले कामगार राहायचे आणि जेवायचे. हॉस्टेलवाल्यांनो, कॉलर ताठ करा. जगात विजेच्या बल्बने उजळलेल्या अगदी सुरुवातीच्या घरांपैकी एक म्हणजे चक्क एक हॉस्टेल आणि मेस! ती इमारत पुढे उचलून मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या संग्रहालयात नेली, आजही ती तिथे आहे.

त्या दिवसांतला एक किस्सा सांगतात. गॅस कंपनीच्या बाजूच्या एका माणसाने अंगरख्यात वायर लपवून आणली आणि सगळे दिवे बंद पाडायला हळूच दोन तारा शॉर्ट केल्या. विझले फक्त चार दिवे. कारण फाट्याफाट्यावर एडिसनने वितळणारी बारीक तार बसवली होती. हाच आपला फ्यूज. त्याचंही पेटंट त्याने १८८० सालीच घेतलं.

पण खरी परीक्षा पुढे होती. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा तार, टेलिफोन आणि आर्क लॅम्पच्या तारांचं जाळं डोक्यावर लोंबत होतं. एडिसनने ठरवलं की आपली वायर जमिनीखालूनच जाणार. १८८० साली मेन्लो पार्कच्या शेतात सराव म्हणून लाकडी पन्हळीत तांब्याची वायर घालून, वरून डांबरासारखं लिंपण ओतून ती गाडली. टेस्ट केली तर करंट अर्ध्या वाटेवरच मातीत जिरत होता! मैलोनमैल काम वाया गेलं. मग विल्सन हॉवेल नावाच्या, नुकत्याच कामाला लागलेल्या तरुणाला एडिसनने लायब्ररीत बसवलं. इन्सुलेशनबद्दल जे जे छापलेलं आहे ते वाच आणि करून बघ, असं काम दिलं. दोन आठवडे तो वाचत होता आणि वेगवेगळी मिश्रणं उकळत होता. वासाने बाकीचे पळून जायचे म्हणे. शेवटी जमलं ते मिश्रण असं: त्रिनिदादचं शुद्ध केलेलं डांबर, उकळलेलं जवसाचं तेल, थोडं पॅराफिन आणि थोडं मधमाश्यांचं मेण. त्यात मलमलीच्या पट्ट्या बुडवून त्या तीन थरांत वायरीवर गुंडाळल्या. सगळी वायर उकरून, पुन्हा गुंडाळून, पुन्हा गाडली. आणि १८८० च्या नोव्हेंबरात जमिनीखालच्या त्या वायरीवर दिवे लागले.

जवस म्हणजे आपल्याकडे भाकरीबरोबर चटणी असते ती! ज्या तेलाचा वास आजीच्या हाताला येतो, त्या तेलाने एडिसनच्या जमिनीखालच्या दिव्यांच्या वायरीला वाचवलं, हे वाचून मला एकदम एडिसन मराठवाड्यातलाच वाटायला लागला.

आता आमच्या घरचा प्रकार सांगते. उमरीत आम्ही नवीन घर बांधलं. मे महिन्यात वास्तुशांत झाली. पप्पांना हौस, म्हणून समोरच्या भिंतीला सहा दिवे आणि गेटच्या खांबांना दोन. संध्याकाळी दिवे लागले की गल्लीतली लहान मुलं बघायला यायची. वायरिंग करणाऱ्याने बाहेरच्या भिंतीला झिरी पाडली, वायर तशीच, पाइप न घालता, झिरीत दाबली, जोड पिळून त्यावर काळी टेप मारली आणि वरून गिलावा. गेटपर्यंतची वायर तर वीतभर खोल काळ्या मातीत. उन्हाळाभर काही झालं नाही. मृगाचा पहिला पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आजी सडा टाकायला अंगणात गेली. रात्रभर दिवे चालूच होते. ओल्या हाताने ती भिंतीला टेकली आणि करंटने तिला फेकून दिलं. देवाची कृपा, पायात चप्पल होती आणि हात चिकटला नाही. दोन दिवस हात बधिर होता. आजीला वाटलं भिंतीला काहीतरी बाधा झाली.

बाधा नव्हती, मेन्लो पार्कच्या शेतात झालं तेच होतं. गिलाव्यात पाणी मुरलं, सिमेंटमधले क्षार विरघळले, ओली भिंतच कंडक्टर झाली आणि टेपमधून करंट भिंतीत उतरला. एमसीबी का पडली नाही, असं पप्पांनी मला विचारलं. हिशेब सोपा आहे. ओल्या माणसाचा रेझिस्टन्स दोन हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला ११५ मिलिअँपिअर जातात. ६ अँपिअरच्या एमसीबीला हे कळतसुद्धा नाही. माणसाला मात्र तेवढे जिवावर बेतायला पुरतात. एमसीबी वायर वाचवते, माणूस वाचवायला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. ती आमच्याकडे नव्हती.

मग शेजारचे, रिटायर झालेले एक वायरमन मामा आले आणि त्यांनी सगळं नव्याने केलं. मी सुट्टीभर त्यांच्या हाताखाली होते. त्यांनी काय केलं ते सांगते, कारण घरी बांधकाम चालू असलेले वाचक बरेच असतील. बाहेरच्या दिव्यांची लाइन बोर्डातून वेगळी काढली, तिला वेगळी एमसीबी आणि आरसीसीबी. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, फेज-न्यूट्रल-अर्थ तिन्ही, पूर्ण पाइपमधून. भिंतीतून बाहेर येणारं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं, म्हणजे पाणी आत न येता बाहेर जाईल. दिव्यात शिरण्याआधी वायर खाली झोळ देऊन मग वर नेली, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब झोळावरून गळून पडतो, दिव्यात जात नाही. तोंडाशी रबरी ग्लँड. जोड फक्त झाकणाच्या बॉक्समध्ये, भिंतीत एकही नाही. दिवे आयपी ६५ चे, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा सोसणारे. गेटला आर्मर्ड केबल, पाऊण मीटर खोल, खाली-वर रेती आणि वर विटा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, ती केबल ओढते, म्हणून दोन्ही टोकांना थोडी जास्तीची केबल वेटोळं करून ठेवली. आणि शेवटी अर्थिंग तपासलं.

मामांनी एडिसन वाचलेला नाही. पण ते करत होते ते सगळं एडिसनने न्यूयॉर्कच्या रस्त्यात झटून शिकलेलंच होतं. तिकडे वळू.

१८८१ पासून मॅनहॅटनच्या खालच्या भागात त्याने केबल टाकायला सुरुवात केली. वीस-वीस फुटांच्या लोखंडी नळ्या, आत तांब्याचे दोन अर्धगोल गज एकमेकांना न लागतील असे बसवलेले, आणि उरलेल्या जागेत गरम लिंपण ओतलेलं. हे काम त्याचा स्विस कारागीर जॉन क्रूसी पाहायचा. रहदारीमुळे खोदाई रात्री चाले. नगरपालिकेने पाच इन्स्पेक्टर नेमले, रोज पाच डॉलर पगार, तोही एडिसनने द्यायचा. एडिसनला धास्ती वाटली की आता हे लोक पदोपदी अडवणार. प्रत्यक्षात ते फक्त शनिवारी पगार घ्यायला आले! हे वाचून न्यूयॉर्कसुद्धा आपलंच गाव वाटतं. एडिसन स्वतः मात्र खड्ड्यांत उतरून जोड तपासत असे आणि पहाटे पर्ल स्ट्रीटच्या तळघरात नळ्यांच्या ढिगावरच झोपत असे.

४ सप्टेंबर १८८२ च्या दुपारी तीन वाजता पर्ल स्ट्रीटचं वीजघर सुरू झालं. पहिल्या दिवशी दिवे सुमारे ४००. (आपल्या मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्येही विजेचे दिवे लागले ते १८८२ सालीच, हे जाता जाता.) पुढे एकदा अ‍ॅन आणि नॅसॉ रस्त्यांच्या कोपऱ्यावर ओल्या जमिनीत करंट उतरला. रस्त्यावरून जाणारे घोडे तिथे पाय पडला की उसळायचे आणि लोक जमून मजा बघायचे. जोडाच्या बॉक्समधून गळती होती. माझ्या आजीची भिंत आणि त्या घोड्यांचा रस्ता यांत काय फरक आहे, सांगा बरं.

मोठ्या माणसांच्या घरीही काही वेगळं नव्हतं. बँकर जे. पी. मॉर्गनने १८८२ साली मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरचं आपलं घर एडिसनच्या लोकांकडून उजळून घेतलं. मागच्या तबेल्याखाली तळघर खणून तिथे इंजिन आणि डायनॅमो बसवला. तिथून वायर अंगणाखाली विटांचा बोगदा करून घरात नेली. म्हणजे बाहेरची वायर नीट गेली. चुकलं ते आत. लायब्ररीत टेबलावरच्या दिव्याची वायर गालिच्याखालून नेली होती. ती शॉर्ट झाली आणि टेबल, गालिचा जळाले. दुसरे धनिक व्हँडरबिल्ट, त्यांच्या घरी भिंतीच्या कापडात जरीसारखे धातूचे धागे विणलेले होते. वायर त्याला लागली आणि कापड धुमसायला लागलं. बाईसाहेबांनी सगळं सामान घराबाहेर काढायला लावलं. मॉर्गनने मात्र वायरिंग नव्याने करून घेतलं. अशा आगींमुळे विमा कंपन्यांनी वायरिंगचे नियम करायला लावले, आणि १८९७ साली अमेरिकेत देशभरासाठी एक नियमावली आली. आज आपल्याकडे आयएस ७३२ आहे. सिलॅबसमध्ये ते दोन मार्कांचं वाटतं, पण त्यातल्या प्रत्येक ओळीमागे कुठेतरी जळलेला गालिचा आहे.

एडिसनच्या हातची आणखी एक गोष्ट आजही आपल्या भिंतीवर असते. बाहेरच्या दिव्यांत आट्यांचा होल्डर असतो ना, तो ई-२७. त्यातला ई म्हणजे एडिसन आणि २७ म्हणजे मिलिमीटर. रॉकेलच्या डब्याच्या झाकणावरून त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. या होल्डरला फेज तळाच्या मधल्या टिकलीला आणि न्यूट्रल आट्यांना द्यायचा. उलटं केलं की बल्ब काढताना बोट आट्यांना लागतं आणि आट्यांत फेज असतो. आमच्या जुन्या आठ दिव्यांपैकी पाच उलटे निघाले.

चरित्र सांगायचं तर काळी बाजूही सांगायला हवी. एडिसनची वीज डीसी होती आणि ती फार दूर नेता येत नव्हती. वेस्टिंगहाउस आणि टेस्ला यांची एसी ट्रान्सफॉर्मरने लांब जाऊ लागली. तेव्हा एडिसन हट्टाला पेटला. १८८८ साली त्याच्या प्रयोगशाळेत हॅरोल्ड ब्राउन या माणसाला एसीने कुत्री मारून दाखवायचे प्रयोग करू दिले गेले. कितीही मोठा माणूस असला तरी हे पटत नाही. पण त्याच वादात एक खरी गोष्टही होती. डोक्यावरच्या हाय व्होल्टेज तारा खरोखरच माणसं मारत होत्या. ११ ऑक्टोबर १८८९ ला जॉन फीक्स हा लाइनमन दुपारच्या गर्दीच्या वेळी खांबावर तारांतच मेला. खाली शेकडो लोक बघत होते आणि त्याला लगेच उतरवताही येईना. त्यानंतर धोकादायक तारा कापल्या गेल्या. एडिसनचं म्हणणं होतं की एसी जमिनीत गाडली तरी ती माणसाला सोडणार नाही. इथे तो चुकला. इन्सुलेशन चांगलं, संरक्षण चांगलं, तर एसीही घरात नांदते. हे इन्सुलेशनचं शास्त्र ज्याने शेतात डांबर उकळून शिकून घेतलं त्यालाच ते पटू नये, याचं वाईट वाटतं. १८९२ साली त्याची कंपनी दुसऱ्या कंपनीत मिसळून जनरल इलेक्ट्रिक झाली आणि नावातून एडिसन गेला. आपल्याकडे १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून मुंबईला वीज गेली ती एसीच.

घरच्या आघाडीवर त्याने फार काही कमावलं नाही. पहिली पत्नी मेरी १८८४ साली गेली. १८८६ ला त्याने मीनाशी लग्न केलं आणि पुढच्या वर्षी वेस्ट ऑरेंजला मोठी प्रयोगशाळा बांधली. कामाच्या नादात मुलं दुरावलीच. डिसेंबर १९१४ मध्ये तिथला बराचसा कारखाना आगीत गेला, तेव्हा तो ६७ वर्षांचा होता. त्याने लगेच नव्याने उभारणी सुरू केली. एकट्या अमेरिकेत त्याच्या नावावर १०९३ पेटंटं आहेत.

१८ ऑक्टोबर १९३१ ला एडिसन गेला. श्रद्धांजली म्हणून देशभरची वीज एक मिनिट बंद करावी अशी कल्पना निघाली. पण विचार केल्यावर लक्षात आलं की ते करता येणार नाही. दवाखाने, पाण्याचे पंप, सिग्नल, लिफ्ट, सगळं त्याच वायरीवर होतं. पन्नास वर्षांपूर्वी ज्या वायरीवर चारशे दिवे होते, ती आता एक मिनिटसुद्धा बंद ठेवणं माणसांच्या जिवाशी खेळणं झालं होतं. म्हणून अध्यक्ष हूवर यांनी लोकांना एवढीच विनंती केली की २१ ऑक्टोबरच्या रात्री दहा वाजता ज्याने त्याने आपल्या घरचे दिवे मालवावेत. त्या रात्री लाखो घरांत अंधार झाला. वायरींत मात्र करंट तसाच होता.